बी. ए.ला तत्त्वज्ञान : प्रवेशापासून पदवीपर्यंत

बारावीचा निकाल लागतो, कला शाखेच्या प्रवेश अर्जात विषयांची यादी समोर येते आणि त्यात कुठेतरी ‘तत्त्वज्ञान’ दिसते. घरात लगेच दोन प्रश्न निघतात. यात शिकवतात तरी काय? आणि हे शिकून पुढे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की दुसरा बराचसा सोपा होतो. म्हणून आपण प्रवेशापासून सुरुवात करू आणि पदवीपर्यंत एकेक टप्पा पाहत जाऊ.

आधी एक गैरसमज दूर करू. तत्त्वज्ञानाची पदवी म्हणजे अध्यात्माची साधना नव्हे, आणि थोरांच्या सुविचारांचा संग्रहही नव्हे. श्रद्धाळू विद्यार्थी इथे येतात, नास्तिकही येतात, आणि दोघांनाही तेच काम करावे लागते. एखाद्याचे म्हणणे काय आहे ते समजून घ्यायचे, त्यामागची कारणे शोधायची आणि ती कारणे टिकतात का ते तपासायचे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या कामाची रीत घालून दिली आहे. आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, तो पूर्वपक्ष. मग त्यातल्या उणिवा दाखवायच्या, ते खंडन. शेवटी स्वतःचा निष्कर्ष सांगायचा, तो सिद्धान्त. माझ्या मते या पदवीचे सारे यश पहिल्या पायरीवर ठरते. ज्याला पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडता आला, त्याला हा विषय आला.

प्रवेशाच्या वेळी काय पाहावे? अकरावी-बारावीला तर्कशास्त्र किंवा तत्त्वज्ञान घेतलेले असले तर पहिले काही महिने हलके जातात. नसले तरी बिघडत नाही, कारण पहिल्या वर्षी सगळे मुळापासून शिकवतात. महाविद्यालयात जाऊन एक गोष्ट मात्र आवर्जून विचारावी : हा विषय शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून घेता येतो का? काही ठिकाणी तत्त्वज्ञान पहिल्या वर्षापुरतेच असते, आणि दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्याला नाइलाजाने दुसरा विषय घ्यावा लागतो. हे आधी न विचारण्याची चूक फार जणांची होते.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीची रचना बदलली आहे. एक मुख्य विषय असतो, त्याला मेजर म्हणतात. जोडीचा दुय्यम विषय म्हणजे मायनर. तीन वर्षांनी पदवी मिळते आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी. अभ्यास श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजला जातो. व्याख्यानांच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तासांचे अध्यापन, म्हणजे चार श्रेयांकांचा पेपर साठ तासांचा. तत्त्वज्ञान मेजर घ्यायचे की मायनर, हे पहिल्या वर्षाचा अभ्यास करून बघितल्यावर ठरवणे शहाणपणाचे. मायनर म्हणून ते राज्यशास्त्र, मानसशास्त्र, संस्कृत किंवा मराठी यांच्याबरोबर उत्तम जुळते.

माध्यमाची चिंता करू नये. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हा विषय मराठीतून लिहिण्याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. देवीदास दत्तात्रेय वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत आहे. श्रीनिवास हरि दीक्षितांच्या ‘भारतीय तत्त्वज्ञान’ आणि ‘नीतिमीमांसा’ या पुस्तकांवर अनेक पिढ्यांनी अभ्यास केला. मे. पुं. रेगे यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ आहे. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानविषयक नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि त्या इतक्या नेटक्या आहेत की कोणताही नवा विचारवंत सुरू करताना आधी तिथली नोंद वाचावी. इंग्रजी वाचनाची सवय मात्र हळूहळू लावून घ्यावी लागते. दुसऱ्या वर्षापासून मूळ ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे समोर येतात आणि त्यांना पर्याय नसतो.

वर्ग सुरू झाले की बहुधा पहिली गाठ पडते तर्कशास्त्राशी. युक्तिवाद म्हणजे काही विधानांच्या आधारे काढलेला निष्कर्ष. ज्यांच्यावर निष्कर्ष उभा राहतो ती आधारविधाने. इथे पहिल्याच आठवड्यात एक जागा येते जिथे निम्मा वर्ग अडखळतो. ‘सर्व मासे उडतात, बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगडा उडतो’ हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या दृष्टीने वैध आहे. वैध म्हणजे एवढेच, की आधारविधाने खरी मानली तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. आधारविधाने प्रत्यक्षात खरी आहेत की नाहीत हा स्वतंत्र प्रश्न. खरेपणा विधानाचा असतो आणि वैधता युक्तिवादाची. हे दोन धागे वेगळे करता आले की पुढचे अर्धे तर्कशास्त्र आपोआप उलगडते.

उलट बाजूनेही बघावे. ‘पाऊस पडला की रस्ता ओला होतो, रस्ता ओला आहे, म्हणून पाऊस पडला.’ तिन्ही विधाने त्या दिवशी खरी असू शकतील, तरी युक्तिवाद अवैधच. रस्त्यावरून पाण्याचा गळका टँकर गेला असेल. रोजच्या बोलण्यात, बातम्यांत, निवडणुकीच्या सभांत हा दोष इतका मुरलेला आहे की तो एकदा ओळखता आला की विद्यार्थ्याचे वर्तमानपत्र वाचणेच बदलते.

नंतर चिन्हांचे तर्कशास्त्र येते आणि गणिताची धास्ती घेतलेले विद्यार्थी घाबरतात. घाबरण्यासारखे काही नाही. सत्यता-कोष्टक म्हणजे विधाने खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यता ओळीने मांडलेला तक्ता. दोन विधाने असतील तर चार ओळी, तीन असतील तर आठ. नेमकी अडचण येते ती ‘जर-तर’ विधानाची. पहिला भाग खोटा असेल तर अख्खे विधान खरे कसे, हे पटत नाही. वडील म्हणाले, ‘पास झालास तर सायकल घेऊन देईन.’ मुलगा नापास झाला आणि सायकल आली नाही. वचन मोडले का? नाही. नापास झाला आणि तरी सायकल आली. तरीही मोडले नाही. वचन मोडते ते एकाच वेळी, मुलगा पास होतो आणि सायकल येत नाही तेव्हा. कोष्टकात ‘खोटे’ ही नोंद त्या एकाच ओळीत येते. तर्कशास्त्राला रोज अर्धा तास उदाहरणे सोडवणे हाच उपाय. परीक्षेच्या आदल्या रात्री ते वाचून येत नाही.

याच टप्प्यावर भारतीय अनुमानही शिकायला मिळते. न्यायदर्शनाने अनुमानाचे पाच अवयव सांगितले. त्या डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसे चुलीपाशी, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. धूर आणि आग यांच्या अतूट साहचर्याला व्याप्ती म्हणतात. ती एकाच दिशेने चालते. ‘आग आहे म्हणून धूर आहे’ असे म्हटले की फसगत होते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. ओल्या रस्त्याचा दोष आणि हा दोष शेजारी ठेवून बघावेत. दोन परंपरा एकमेकींपासून दूर वाढल्या, पण चुकीचा तर्क कुठे घसरतो हे दोघींनी नेमके हेरले.

आता भारतीय दर्शने. अभ्यासक्रमात नऊ नावे येतात : चार्वाक, जैन, बौद्ध, न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त. विद्यार्थी ती पाढ्यासारखी पाठ करतात आणि प्रत्येकाची पाच-सहा मते लक्षात ठेवतात. इथेच विषय हातचा जातो. ही दर्शने वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहिलेली नाहीत. शतकानुशतके ती एकमेकांशी भांडली आहेत. भांडण कळले नाही तर मत कळत नाही.

एक भांडण पाहू. चार्वाक विचारतो, जिथे धूर तिथे आग हे तुम्हाला कसे कळले? सगळ्या काळातले, सगळ्या ठिकाणचे धूर तुम्ही पाहिले नाहीत. मग व्याप्ती कशाच्या बळावर सांगता? प्रश्न साधा आहे आणि अनुमानाच्या मुळावर घाव घालणारा आहे. न्यायदर्शनाच्या बाजूने दहाव्या शतकातल्या उदयनाने उत्तर दिले की न पाहिलेल्या काळाची आणि ठिकाणाची शंका घ्यायची तर ते काळ आणि ती ठिकाणे आहेत हे आधी अनुमानानेच मानावे लागते. शिवाय आपल्याच वागण्याशी विरोध आला की शंका तिथे थांबते. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने उदयनाचेच शब्द फिरवून त्याच्यावर उलटवले. मग मिथिलेच्या गंगेशाने श्रीहर्षाला उत्तर दिले आणि नव्यन्यायाचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या नव्या शाखेचा, पाया घातला. युरोपात अठराव्या शतकात ह्यूमने जवळजवळ हाच प्रश्न कार्यकारणाबद्दल विचारला. असा एक वाद धरून चार-पाच नावे वाचली, तर ती परीक्षेनंतरही डोक्यात राहतात.

चार्वाकाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. त्याचे ग्रंथ जवळजवळ सगळे नष्ट झाले. आपल्याला तो बहुतेक ठिकाणी भेटतो तो विरोधकांच्या ग्रंथांतला पूर्वपक्ष म्हणून, आणि त्यातही चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’मधून. म्हणून ‘चार्वाक म्हणजे खा, प्या, मजा करा’ एवढे लिहून थांबणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी मराठीत चार्वाकावर स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत. त्यांतले एक तरी वाचावे. विरोधकाच्या तोंडून ऐकलेले मत कसे तपासून घ्यायचे, याचा इतका चांगला धडा दुसऱ्या कुठल्या दर्शनात मिळत नाही.

दोन चुका दरवर्षी उत्तरपत्रिकांत दिसतात. ‘आस्तिक’ म्हणजे देव मानणारे असे लिहिले जाते; दर्शनांच्या वर्गवारीत आस्तिक म्हणजे वेदप्रामाण्य मानणारे. सांख्य आणि मीमांसा जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी ती आस्तिक दर्शने आहेत. दुसरी चूक, वेदान्त म्हणजे मायावाद, म्हणजे जग मिथ्या आहे हे मत, असे समजणे. शंकराचार्यांचे अद्वैत हा वेदान्ताचा एक प्रवाह; रामानुजांचे विशिष्टाद्वैत आणि मध्वांचे द्वैत हेही वेदान्तच आहेत आणि त्यांनी अद्वैतावर कडक टीका केली आहे. मराठी वाचकाने इथे ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ जवळ ठेवावा. त्याच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाच्या कल्पनेचे सविस्तर खंडन आहे. आपल्या भाषेतला, पद्यातला, पण पायरीपायरीने चालणारा युक्तिवाद म्हणून तो वाचण्याजोगा आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञान बहुतेक ठिकाणी काळाच्या क्रमाने शिकवतात : ग्रीक, मग मध्ययुग, मग देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ हे बुद्धिवादी, लॉक, बर्क्ली, ह्यूम हे अनुभववादी, आणि दोघांचा हिशेब मांडणारा कांट. बुद्धिवादी म्हणतात, खात्रीचे ज्ञान बुद्धीतून येते. अनुभववादी म्हणतात, ज्ञानाची सगळी सामग्री इंद्रियानुभवातून येते. कांटचा ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ 1781 साली निघाला. तो पदवीच्या वर्षांत पूर्ण कळावा अशी अपेक्षा कोणीच करत नाही. तो कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो आहे, तेवढे कळले तरी पुष्कळ.

मूळ ग्रंथ वाचायला लागायचे तर प्लेटोच्या ‘यूथिफ्रो’पासून लागावे. छोटा संवाद आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. सॉक्रेटिस विचारतो, पवित्र गोष्ट पवित्र असते म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? उत्तर देता देता यूथिफ्रो गोल फिरून मूळ जागी येतो. त्यानंतर देकार्तची ‘मेडिटेशन्स’ घ्यावीत. 1641 साली लॅटिनमध्ये छापलेल्या या पुस्तकात सहा चिंतने आहेत. निदान पहिली दोन मुळातून वाचावीत.

वाचायचे कसे, हे कोणी शिकवत नाही आणि तिथेच बहुतेकांची दमछाक होते. तत्त्वज्ञानाचे एक पान कादंबरीच्या पन्नास पानांइतका वेळ मागते. पहिल्या वाचनात फक्त एवढे शोधावे की लेखक काय सिद्ध करू पाहतो आहे. ते एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे. दुसऱ्या वाचनात कारणे शोधून त्यांना क्रमांक द्यावेत. तिसऱ्या वाचनात समासात एखादी शंका लिहावी. दिवसाला तीन-चार पाने झाली तरी पुरे. वाचून काहीच कळले नाही असे वाटले तर निराश होऊ नये; जे वाक्य अडले ते तसेच उतरवून घेऊन वर्गात विचारावे. तत्त्वज्ञानाच्या तासाला चांगला प्रश्न विचारणारा विद्यार्थी अध्यापकांना नेहमी हवा असतो.

याला पर्याय म्हणून बाजारात गाइडे मिळतात. परीक्षेपुरते गुण त्यांतून मिळतीलही. पण गाइडात फक्त निष्कर्ष असतात, आणि या विषयात निष्कर्षांची किंमत त्यामागच्या कारणांइतकीच असते. तीन वर्षे गाइडावर काढलेला पदवीधर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो. हे वारंवार घडते आणि त्याचे फार वाईट वाटते, कारण मुले हुशार असतात.

नीतिशास्त्राचा पेपर सोपा समजला जातो, आणि तो बिघडतो तो त्याच कारणाने. रुग्णाला असाध्य आजार आहे आणि नातेवाईक डॉक्टरांना म्हणतात, त्याला सांगू नका. डॉक्टरांनी काय करावे? उपयुक्ततावादी, म्हणजे कृतीची योग्यता तिच्या परिणामांवरून ठरवणारा मिल, सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज पाहायला सांगेल. कांट विचारेल, खोटे बोलणे हा सर्वांसाठीचा नियम होऊ शकेल का? ॲरिस्टॉटल विचारेल, सद्गुणी आणि व्यवहारज्ञ माणूस अशा वेळी कसा वागेल? विद्यार्थी तिघांना बाजूला सारून ‘सत्य हेच श्रेष्ठ’ असे प्रवचन लिहितात. भावना चांगली असते, पण उत्तर झालेले नसते. गीतेतला निष्काम कर्मयोग, त्यावरचे टिळकांचे ‘गीतारहस्य’, जोतीराव फुल्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’, डॉ. आंबेडकरांचे ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हे ग्रंथही याच कसोटीने वाचावेत. ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांचे युक्तिवाद तपासणे हा अनादर नाही. त्यांनी स्वतः तेच केले.

आता उत्तरपत्रिका. प्रश्नातले क्रियापद आधी बघावे. ‘स्पष्ट करा’ म्हटले की मत आणि कारणे मांडायची. ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हटले की त्यानंतर आक्षेप आणि त्यांना मिळू शकणारी उत्तरेही लिहायची. ‘देकार्तची संशयपद्धती स्पष्ट करा’ या प्रश्नाला जन्म, शिक्षण आणि मृत्यू यांत दीड पान घालवणारे पुष्कळ असतात. त्याचे गुण मिळत नाहीत. शिवाय देकार्तला संशयवादी ठरवून टाकतात. तो संशय घेतो तो खात्रीचे काहीतरी सापडावे म्हणून. इंद्रिये फसवतात, स्वप्न आणि जागेपण यांत फरक करणे अवघड, एखादी दुष्ट शक्ती मला सतत फसवत असेल, या तीन पायऱ्या क्रमाने लिहाव्यात. मग दाखवावे की संशय घेणारा ‘मी’ मात्र संशयातून सुटतो. त्यानंतर आक्षेप : विचार चालू आहे एवढ्यावरून विचार करणारा एक टिकाऊ ‘मी’ आहे हे सिद्ध होते का? टिकाऊ आत्मा नाकारणाऱ्या बौद्ध अनात्मवादाची आठवण इथे दिली तर उत्तर उजळते.

वर्गाबाहेर निदान एका मित्राशी वाद घालण्याची सवय ठेवावी. नियम एकच : समोरच्याचे म्हणणे आपण सांगायचे, आणि तो ‘हो, हेच मला म्हणायचे होते’ म्हणेपर्यंत खंडन सुरू करायचे नाही. 1983 साली पुण्यात संस्कृत पंडित आणि आधुनिक विद्यापीठांतले तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवून असा संवाद घडवला गेला, मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांचा त्यात पुढाकार होता, आणि त्यातून ‘संवाद’ हा ग्रंथ निघाला. त्याही आधी, 1916 साली अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. खानदेशातल्या त्या गावात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ येऊन राहिले आणि साने गुरुजींचे पाऊल अमळनेरला पडले तेही तिथल्या अभ्यासासाठीच.

पदवीनंतरचे थोडक्यात आणि खरे सांगायला हवे. एम. ए. करून नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा दिल्या की महाविद्यालयीन अध्यापनाचा रस्ता खुला होतो, पण जागा थोड्या निघतात. कनिष्ठ महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवता येते. तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम हा अतिशय नैसर्गिक पुढचा टप्पा आहे, पत्रकारिताही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांचे दोन पेपर. शिवाय 2013 पासून सर्वांना सक्तीचा असलेला नीतिशास्त्राचा पेपरही 250 गुणांचाच आहे. पदवी हातात पडताच त्याच विषयाच्या नावाची नोकरी मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. दुसरे एखादे कौशल्य, भाषा किंवा संगणक, बरोबरीने शिकत राहावे.

आणि एक विनंती. विद्यार्थ्यांची किमान संख्या जमली नाही की महाविद्यालये हा विषय बंद करतात, आणि एकदा बंद झालेला विषय सहसा पुन्हा सुरू होत नाही. आपल्याला हा विषय खरोखर शिकायचा असेल, तर अर्जात तो तिसऱ्या पसंतीला ढकलू नका. महाविद्यालयात जा, विभागातल्या अध्यापकांना भेटा, एका तासाला मागच्या बाकावर बसून ऐकण्याची परवानगी मागा, आणि पटले तर पहिल्याच रकान्यात ‘तत्त्वज्ञान’ लिहा.